निळ्या पेनड्राइव्हवरचे टाके उसवून परत घातल्याबाबत

मी, रकान्यात लिहिलेल्या नावाची, गल्लीत टाकेवाली आजी म्हणून ओळखली जाणारी, वय ६८ वर्षे (ओळखपत्रावर ६५ आहे, ती लिहिणाऱ्याची चूक, मी कधी वय चोरलेले नाही), शिक्षण दुसरी, तीही अर्धी, धंदा मशीनवरचे भरतकाम, राहणार कापडगल्लीच्या टोकाचे दुमजली घर, खाली कारखाना व वर राहणे, आज दिनांक २२ रोजी सकाळी साडेअकरा वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब देते की,

वरील पत्त्यावर मी व माझी धाकटी बहीण, वय ५७, अशा दोघी राहतो. तिला सगळे धाकटी म्हणतात, केस पिकले तरी. आमची आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. तिला मी वाढवले, सातवीपर्यंत शाळेत घातले, हातात सुई दिली. ती डावखुरी आहे. शाळेत बाईंनी तिचा डावा हात बांधून ठेवला होता, तो मी जाऊन सोडवला होता. माझा मुलगा व सून परगावी असतात. नात शिकायला बाहेर आहे. कारखान्यात दोन बायका कामाला येतात व धाकटी त्यांच्यावर देखरेख करते. गेली एकतीस वर्षे असेच चालले आहे.

आमच्याकडे भरतकामाचे एक कॉम्प्युटरवाले मशीन आहे. त्याला नक्षी पेनड्राइव्हमधून द्यावी लागते. पेनड्राइव्ह खोचला, बटण दाबले, की सुई आपोआप चालते. नक्षी मात्र आपोआप निघत नाही. ती मी हाताने काढलेली आहे. वेली, किनारी, पक्षी, शाळांचे बिल्ले, उशांचे अभ्रे, बाळांची दुपटी अशी एकूण ३१२. चाळीस वर्षांचे कागद होते. त्यांना वाळवी लागली तेव्हा नातीने दोन उन्हाळे बसून ते सगळे कॉम्प्युटरवर चढवले व निळ्या पेनड्राइव्हमध्ये भरले. कागद मी त्यानंतर जाळले, कारण वाळवी मशीनच्या टेबलापर्यंत आली होती.

लिहून घेणाऱ्या पोलीस बाईंनी विचारले की, "आजी, पेनड्राइव्ह तर तुमच्या हातात आहे, मग चोरी कसली?" मी म्हणाले, "बाई, पातेले घरात आहे म्हणून दूध मांजराने प्यायले नाही असे होते का? धीर धरा, सांगते."

पेनड्राइव्हला व्हायरस लागतो हे मला तीन वर्षांपूर्वी कळले. एका गिऱ्हाइकाने लग्नाच्या रुमालावर घालायची अक्षरे पेनड्राइव्हमधून आणली, मी तो सरळ कॉम्प्युटरला लावला, आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर वेड्यासारखा आपला आपणच खिडक्या उघडू लागला. तेव्हा समोरच्या गाळ्यातला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, ज्याला आम्ही चष्मेवाला म्हणतो, त्याने तो साफ करून दिला व मला नियम घालून दिले. मला वाचता फार येत नाही, म्हणून मी ते दोऱ्यांवर बसवले.

नियम असे. बाहेरून आलेला पेनड्राइव्ह आधी कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरला लावायचा. त्याला आम्ही गाळणी म्हणतो. त्याचा बाकी कशाशी संबंध नाही, नेट नाही, नक्षी नाही, फक्त व्हायरस तपासायचे काम. हिरवी खूण आली तर पेनड्राइव्हला हिरवा दोरा बांधायचा, तांबडी आली तर गिऱ्हाइकाला परत, मग ते मंत्री का असेना. कॉम्प्युटरवरून मशीनपर्यंत नक्षी न्यायला काळ्या दोऱ्याचा पेनड्राइव्ह, तो घराचा उंबरा ओलांडणार नाही. रस्त्यात सापडलेला पेनड्राइव्ह आत आणायचा नाही. आमच्यातली एक बाई असा एक उचलून घेऊन आली होती, म्हणाली, "आजी, चांगला आहे हो, नवा कोरा." मी म्हणाले, "रस्त्यात पडलेला घास चांगला दिसला तर खाशील का?" तिने तो गटारात टाकला. सापडलेली वस्तू आत घ्यायची नाही, एवढे तिच्या डोक्यात पक्के बसले.

निळा पेनड्राइव्ह वेगळा. त्याच्या कडेला सरकवायचे एक बारीक बटण आहे, ते म्हणजे कुलूप. चष्मेवाल्याने मला समजावले की, "आजी, बटण लॉकवर असलं की यातलं बाहेर घेता येतं, पण बाहेरचं काही आत लिहिलं जात नाही. व्हायरसही नाही." मी बटण लॉकवर सरकवले आणि त्यावरून जाड कापडाचा पट्टा तुरपाई करून शिवून टाकला. तोंड मोकळे, बटण बंद. उसवल्याशिवाय कोणाला ते हलवता येणार नाही. असा शिवलेला पेनड्राइव्ह मी दुसऱ्या कोणाकडे पाहिलेला नाही. चष्मेवाला हसला होता, पण त्याला दुसरी युक्ती सुचली नव्हती.

कारखान्यात मात्र मी असे सांगितले की कुलूप लागले की आतले दिसत नाही, काढताही येत नाही. नक्षी लागली की ती मीच काढून देणार. धाकटीलाही हेच सांगितले. पोलीस बाईंनी विचारले, का. त्यावेळी मला ते शहाणपणाचे वाटले. याहून जास्त मला सांगायचे नाही.

निळा पेनड्राइव्ह पत्र्याच्या डब्यात व डब्याची किल्ली माझ्या कमरेला असे.

या महिन्याच्या ६ तारखेस माझ्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होते. सकाळी नऊ वाजता मी दवाखान्यात जायला निघाले. तिथे अंगावरचे सगळे काढून ठेवायला लावतात म्हणून किल्ली कमरेची सोडून धाकटीच्या हातात दिली. ती म्हणाली, "ताई, काळजी करू नकोस, मी आहे ना." दवाखान्यात माझ्याबरोबर कामाची एक बाई आली. दुपारी तीनला परत आले. धाकटीने दारातच किल्ली परत दिली. मी ती न पाहता कमरेला अडकवली, कारण एका डोळ्याला पट्टी होती व दुसऱ्याने मला आधीपासूनच धूसर दिसते. डॉक्टरांनी दोन आठवडे सुई हातात धरायची नाही असे बजावले होते.

१३ तारखेस एका शाळेचे बिल्ले करायचे होते, त्यासाठी जुनी नक्षी हवी होती. मी डबा उघडून निळा पेनड्राइव्ह काढला. काळा चष्मा होता, म्हणून बोटाने चाचपून पाहिले. पट्टा जागेवर, टाके जागेवर. तो मी गाळणीला लावला नाही. घरचा पेनड्राइव्ह, घराबाहेर कधी न गेलेला, त्याला कशाला गाळायचे? हा माझ्या नियमातला खड्डा, हे आता कबूल करते. मी धाकटीला म्हणाले, "तू लाव, मला भोक सापडत नाही." तिने तो मोठ्या कॉम्प्युटरला लावला. तिचा हात जराही थांबला नाही, हे मुद्दाम लिहून घ्यावे. पुढे काय होणार हे तिला माहीत नव्हते.

ती म्हणाली, "ताई, सगळ्या फोल्डरांवर बारीक बाण आलेत." मी म्हणाले, "उघड." तिने एक उघडले. मग दुसरे. थोड्या वेळाने कॉम्प्युटर घरघरू लागला. नावे सगळी दिसत होती. मान वळवलेला पक्षी, दुहेरी वेल, नातीच्या बारशाची किनार. उघडले की आत काही नाही. नुसती पांढरी चौकट. पेनड्राइव्हमधली गेली आणि चालू कामासाठी कॉम्प्युटरमध्ये काढून ठेवलेली चार-दोन होती तीही गेली. ३१२ पैकी एक उरली नाही.

धाकटी खुर्चीवर बसून राहिली व रडली. मी नाही. मला डोळ्यावर ताण द्यायचा नव्हता.

चष्मेवाल्याला बोलावले. त्याने दुसऱ्या दिवशी, म्हणजे १४ तारखेस, सांगितले की व्हायरस निळ्या पेनड्राइव्हमधूनच आला. मी म्हणाले, "त्याला कुलूप आहे." त्याने कापडावरून नख फिरवले व म्हणाला, "आजी, आत बटण उघडं आहे. लॉकवर असतं तर यात काही शिरलंच नसतं. मी उसवत नाही, तुमची वस्तू आहे, तुम्हीच बघा." तो असेही म्हणाला की, "हे जे बाणवाले शॉर्टकट आहेत ना, ते ज्या कॉम्प्युटरवर तयार झाले त्याचं नाव त्यांच्या पोटात राहतं." ते नाव व दिनांक ६, सकाळी ११ वाजून ४० मिनिटे असे त्याने कागदावर लिहून दिले. कागद या जबाबाला जोडला आहे.

मी तो कागद त्याच्या अंगावर फेकला. भर गल्लीत त्याला म्हणाले की, पेनड्राइव्हचे तुला एकट्याला कळते, तूच शिरलास माझ्या घरात, चार डोळ्यांचा चोर. त्याने कागद उचलला, घडी केली, आणि परत माझ्या दारात दगडाखाली ठेवून गेला. त्या दिवशी लोकांनी ऐकले तेवढ्याच मोठ्याने मी त्याची माफी मागावी असे मला वाटते. अजून मागितलेली नाही.

त्यावेळी धाकटी माझ्या मागे उभी होती. ती म्हणाली, "जाऊ दे ना ताई, कशाला परक्याच्या तोंडी लागतेस." परक्याच्या, असा शब्द तिने वापरला.

१८ तारखेस काळा चष्मा उतरला. उजव्या डोळ्याने मला इतके स्वच्छ दिसू लागले की भिंतीचा रंग पिवळा आहे हे बऱ्याच वर्षांनी कळले. दुपारी मी निळा पेनड्राइव्ह खिडकीत नेऊन पाहिला. पट्टा माझा. दोरा माझ्याच रिळाचा. टाके बारीक, सारख्या अंतराचे, अगदी मी शिकवल्यासारखे. पण माझी तुरपाई उजवीकडे झुकते. हे टाके डावीकडे झुकलेले होते आणि गाठ दुसऱ्या टोकाला होती. भरतकामाच्या धंद्यात हे सहीसारखे असते. कोणी लपवायला गेले तरी हात लपत नाही.

मी पेनड्राइव्ह डब्यात ठेवला व खाली जाऊन सगळ्यांबरोबर चहा घेतला.

१९ तारखेस दुपारी एक वाजता, बाजारातल्या चौकात जे काचेचे मोठे भरतकामाचे दुकान आहे, ज्याच्या मालकाला लोक झगमगशेठ म्हणतात, तिथे मी गिऱ्हाईक म्हणून गेले. तिथेच का, असे बाईंनी विचारले. कागदावर चष्मेवाल्याने जे नाव लिहिले होते, तेच त्या दुकानाच्या पाटीवर आहे. पाटी एवढी मोठी आहे की अर्ध्या दुसरीवालीलाही वाचता येते. काचेत अभ्र्यांचा एक जोड लावला होता. त्यावर मान वळवलेला पक्षी होता. माझ्या पक्ष्याच्या एका पायाला तीन बोटे व दुसऱ्याला चार आहेत. काढताना मी मोजायला चुकले होते व नंतर बदलले नाही. काचेतल्या पक्ष्यालाही एका पायाला तीन व दुसऱ्याला चार होती.

मी विचारले, "नक्षी कोणाची?"

झगमगशेठ म्हणाला, "आजी, आमच्या नव्या मास्तरीणबाईंची. पुढच्या महिन्यापासून त्या इथेच बसणार. लहानपणापासून हातात कला आहे त्यांच्या. पाटीवर नाव टाकतोय आम्ही त्यांचं."

मी म्हणाले, "पक्षी लंगडतोय तुमचा."

तो म्हणाला, "नजर तीक्ष्ण आहे हो आजी तुमची."

मी म्हणाले, "कालपासून."

पाटीचा विषय निघाला म्हणून सांगते. साधारण सहा वर्षांपूर्वी आमच्या कारखान्याची पाटी नव्याने रंगवली. तेव्हा धाकटी म्हणाली होती, "ताई, माझंही नाव टाक की त्यावर, एका कोपऱ्यात." मी म्हणाले, "पाटी लहान आहे." पाटी चार फुटांची आहे. त्यानंतर तिने तो विषय पुन्हा काढला नाही. मी समजले की ती विसरली.

१९ पासून आजपर्यंत मी तिला काही विचारलेले नाही. दोघी एकाच स्वयंपाकघरात जेवलो. तिने माझ्या डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घातले. बाई म्हणाल्या, घरातच मिटवायचे ना. घरात विचारले असते तर ती रडली असती व मी विरघळले असते, आणि मग तिने काय केले हे कोठेच लिहिलेले राहिले नसते. मला ते लिहून हवे आहे. केसाने गळा कापणाऱ्याला वाटते की रक्त येत नाही.

येथे दुपारी दोन वाजता जबाब थोडा वेळ थांबवला. माझ्या डोळ्याच्या औषधाची वेळ झाली होती. धाकटी सकाळपासून बाहेर बाकावर बसलेली आहे. मी एकटी येऊ शकत नाही म्हणून तीच मला घेऊन आली. तिची समजूत अशी की मी चष्मेवाल्याविरुद्ध तक्रार देण्यास आले आहे. ती आत आली व म्हणाली, "मान मागे कर, ताई. आणखी थोडी. डोळा मिटू नकोस, मिटतेस दरवेळी." तिने थेंब घातले, पदराने गाल पुसला, बाईंना म्हणाली, "यांना पाणी द्या हो, बोलून बोलून घसा बसतो यांचा," आणि बाहेर गेली.

त्यानंतर बाईंनी विचारले की, आपला संशय कोणावर आहे, नाव सांगणार की नाही. नाव न सांगितल्यास काय होईल, असे मी उलट विचारले. बाई म्हणाल्या की, तो दुकानदार सांगेल नक्षी आमच्या मास्तरीणबाईंनी स्वतःची म्हणून दिली, आणि आम्हाला त्याच्या कॉम्प्युटरला हात लावता येणार नाही. नक्षी तुमच्याकडून नेली, कोणी व केव्हा नेली, हे आले तरच पुढे काही करता येईल.

माझी परिस्थिती अशी आहे की माझ्याकडे कागद नाहीत, कॉम्प्युटरमध्ये काही नाही, पेनड्राइव्हमध्ये काही नाही. चाळीस वर्षांची ३१२ नक्षी जगात आता एकाच ठिकाणी शिल्लक आहे, झगमगशेठच्या दुकानात. चोरून नेली म्हणून उरली. ती परत हवी असेल तर मला एक नाव लिहून द्यावे लागेल.

मी पाणी प्यायले. मग सांगितले की, दिनांक ६ रोजी सकाळी नऊ ते दुपारी तीनच्या दरम्यान, माझी किल्ली वापरून, माझा निळा पेनड्राइव्ह डब्यातून काढून, पट्टा उसवून, कुलूप उघडून, वरील दुकानात नेऊन त्यातील नक्षी दिली व पट्टा परत शिवून ठेवला, ते माझ्या धाकट्या बहिणीने. माझी तक्रार तिच्याविरुद्ध व सदर दुकानदाराविरुद्ध आहे. नक्षीची प्रत मला परत मिळावी. व्हायरस तिने मुद्दाम घातला असे माझे म्हणणे नाही, तो त्या दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये होता. तिला शिक्षा काय व्हावी हे मला विचारू नये.

जबाब वाचून दाखवण्याची वेळ आली तेव्हा मी सांगितले की माझे सगळे कागद आजवर धाकटीच वाचते, हाही तिनेच वाचावा. बाईंनी नको म्हटले. मी हट्ट धरला. धाकटीला आत बोलावले. तिने चष्मा लावला व उभ्यानेच पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचू लागली. माझे वय आले तेव्हा ती हसली. कुलपाच्या परिच्छेदापाशी, बाहेर घेता येते पण आत शिरत नाही, या वाक्यावर ती थांबली. ते वाक्य तिने पुन्हा मनातल्या मनात वाचले. ओठ हलले तेवढे दिसले. मग पुढची सगळी पाने तिने आवाज न करता शेवटपर्यंत वाचले.

ती म्हणाली, "म्हणजे ताई, उसवायची गरजच नव्हती?"

मी म्हणाले, "नव्हती."

ती म्हणाली, "मला सांगितलं होतंस की कुलूप लावलं की दिसत नाही."

तिने कागद टेबलावर सरळ करून ठेवले व खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली, कारण दुसरीकडे जागा नव्हती.

राहिलेला भाग बाईंनी मला ऐकू जाईल असा वाचून दाखवला. मी सांगितले तसेच यात उतरले आहे, कमी नाही व जास्त नाही, कोणाच्या सांगण्यावरून दिलेले नाही. अंगठा नको, सही करते. सही वाकडी आली आहे. डोळ्यात औषध आहे, तसे शेजारी लिहून घ्यावे.